खाडीला अडवून मिळवलेली जमीन

मुंबईहून गोव्याच्या महामार्गाने येताना खारपाड्याचा पूल ओलांडला, पाताळगंगा मागे पडली, की पेण तालुक्याची हद्द लागते. डाव्या हाताला डोंगर सुरू होतात आणि उजव्या हाताला जमीन एकदम सपाट होत खाडीकडे उतरते. या सपाट पट्ट्यात हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, दादर अशी एकमेकांना लागून असलेली गावं आहेत. जोह्यात शिरलं की पडवीत, अंगणात, ताडपत्रीच्या मांडवाखाली न रंगवलेल्या गणेशमूर्तींच्या रांगा दिसतात. लहान पोरापासून म्हातारीपर्यंत प्रत्येकाच्या हाताला काही ना काही काम असतं. त्यामुळे जोह्याबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक मूर्तींबद्दलच. पण या पट्ट्याचा इतिहास समजून घ्यायचा तर मूर्ती थोडा वेळ बाजूला ठेवून बांधापासून सुरुवात करावी लागते. २००८ साली इथल्या शेतकऱ्यांनी देशातल्या एका बलाढ्य उद्योगसमूहाला मतपत्रिकेवर नकार दिला. तो नकार इतका ठाम का होता, याचं उत्तर बांधापाशीच मिळतं.

पेणच्या पश्चिमेची बरीचशी शेती उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणजे ही जमीन निसर्गाने शेत म्हणून दिलेली नाही. खाडीतला गाळ, चिखल आणि दगड रचून माणसांनी बांध घातले, भरतीचं पाणी बाहेर अडवलं, आतली माती पावसाच्या गोड्या पाण्याने वर्षानुवर्षं धुऊन काढली, तेव्हा कुठे तिथे भात उभं राहिलं. बांधात जागोजागी उघाड्या असतात. ओहोटीला त्या उघडल्या की शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं, भरतीला त्या मिटल्या की खारं पाणी बाहेरच राहतं. ही सगळी व्यवस्था रोजच्या दोन भरत्यांवर नजर ठेवून चालते. बांधाला खांड पडली आणि उधाणाचं पाणी एकदा शेतात शिरलं, की त्या वर्षीचं पीक तर जातंच, पण मिठाने धरलेली जमीन पुन्हा पिकायला पुढचे काही पावसाळे लागतात.

ही व्यवस्था जुनी आहे. १८८३च्या कुलाबा जिल्हा गॅझेटियरमध्ये तिची दखल आहे. खाडीतून मिळवलेल्या जमिनींना शिलोत्री म्हणत आणि बांधाच्या डागडुजीसाठी तिथल्या कुळांकडून ‘शिलोत्री मण’ नावाचं जादा धान्य घेतलं जाई. राजवटी बदलल्या. १८१८मध्ये पेशवाई बुडाली, १८४०मध्ये शेजारचं आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा झालं. पण खारजमीन लागवडीला आणणाऱ्याला सवलत द्यायची हे तत्त्व प्रत्येक राज्यकर्त्याला पाळावं लागलं, कारण त्याशिवाय महसूल येणार कुठून? सवलत कागदावर ज्याच्या नावाने निघायची तो बहुधा पैसेवाला असायचा. चिखलात उभं राहून बांध घालणारे हात मात्र आगरी, कोळी, कुणबी कुळांचे होते. खांड पडली की गावकीतून घरटी माणूस बांधावर हजर राहायचा. या सामूहिक श्रमाला खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या या पट्ट्यात, जोळ म्हणतात. त्यात मजुरी नसे, कारण एकाच्या वाट्याचा बांध फुटला तर पाणी सगळ्यांच्याच शेतात येणार, हे प्रत्येकाला ठाऊक असे.

बांध कुळांनी घातला, पण पिकाचा मोठा वाटा खोताच्या आणि सावकाराच्या कोठारात जात होता. या विरोधातला सर्वांत मोठा लढा पेणच्या शेजारी, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि खोतांची जमीन कसायचं थांबवलं. तो संप १९३९पर्यंत, म्हणजे तब्बल सहा वर्षं चालला. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने आपलं शेत ओसाड ठेवायचं आणि जंगलातल्या मोळ्या विकून, मोलमजुरी करून दिवस काढायचे, याला काय लागतं हे शेती करणाऱ्यालाच कळेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९च्या कुळकायद्याने कुळांना प्रथमच काही संरक्षण मिळालं. १९४८च्या कायद्याने ते वाढलं आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाला कसणारा कायद्याने जमिनीचा मालक ठरला. खारेपाटातल्या ज्या पिढीने २००८मध्ये मत दिलं, तिच्या बापाने किंवा आज्याने सातबाऱ्यावर आपलं नाव पहिल्यांदा पाहिलं ते या काळात. जमीन घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होती, पण ती आपली म्हणण्याचा हक्क जेमतेम पन्नास वर्षांचा होता.

या विजयाला एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगायलाच हवी. जमीनदार गेला तेव्हा बांधाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उघड्यावर पडला. मुंबई सरकारने १९४८मध्ये खारभूमीसाठी स्वतंत्र कायदा केला, १९७९मध्ये महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदा आणला आणि बंदिस्तीचं काम हळूहळू सरकारी योजनांकडे गेलं. सरकारी योजना म्हणजे अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. खांड मात्र मंजुरीची वाट पाहत नाही. ती आषाढातल्या उधाणाला पडते आणि त्याच रात्री बुजवली नाही तर रुंदावत जाते. काम आपलं नाही, खात्याचं आहे, अशी भावना एकदा रुजली की जोळ मोडतो. पेण-अलिबागच्या खाडीकाठी अनेक ठिकाणी तो तसा मोडला, आणि ज्या शेतांत भात पिकायचं तिथे कांदळवन उभं राहिलं. पुढे या जमिनींकडे बोट दाखवून ‘इथे पिकतंय काय?’ असं विचारणं सोपं झालं.

याच काळात गावांना दुसरा आधार सापडत गेला. पेण शहरात गणेशमूर्ती घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. देवधर घराण्यासारख्या कलावंतांनी पेणच्या मूर्तीला तिचा रेखीव चेहरा दिला. १८९३नंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढला आणि मुंबई-पुण्याची मागणीही वाढत गेली. शहरातल्या कारखान्यांत हाताखाली काम करणारी आसपासच्या खेड्यांतली मुलं कसब शिकून घरी परतली आणि त्यांनी आपापल्या अंगणात काम सुरू केलं. हमरापूर आणि जोहे ही या प्रसाराची मुख्य केंद्रं ठरली. इथे रंगवलेल्या मूर्ती होतात, पण मोठा धंदा कच्च्या मूर्तींचा आहे. महाराष्ट्रभरचे आणि बाहेरचे व्यापारी त्या ट्रकने घेऊन जातात आणि आपापल्या गावी रंगवून विकतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर चतुर्थीच्या कित्येक महिने आधी जहाजावर चढतात. साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, सांधे घासून गुळगुळीत करणारा वेगळा, रंग मारणारा वेगळा. आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा मान सगळ्यांत वरचा, कारण तिथे हात चुकला तर आधीची सगळी मेहनत वाया. बायका शेताची लावणी उरकून कारखान्यात येतात. भात आणि मूर्ती यांचं वेळापत्रक एकमेकांत असं बसलं की एकाच घरात दोन्ही चालतात. शाडूची माती गुजरातहून येते, प्लास्टर राजस्थानातून. म्हणजे इथली माती मूर्तीत नाही. जमीन लागते ती घडवायला, वाळवायला, साठवायला, आणि माणसांनी गावात एकत्र राहायला. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला.

२००५मध्ये संसदेने विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा केला आणि १० फेब्रुवारी २००६ पासून तो लागू झाला. चीनने १९८०मध्ये शेन्झेनला असं क्षेत्र उभारलं आणि तिथे महानगर झालं. भारतातही तसंच होईल, निर्यात वाढेल, रोजगार येईल, अशी मांडणी होती. करसवलती भरघोस होत्या. रायगडात रिलायन्स उद्योगसमूहाशी संबंधित महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतली ४५ गावं निवडली गेली. आराखडा सुमारे १०,००० हेक्टरचा होता. जवळच न्हावा-शेवाचं बंदर, पलीकडे मुंबई, मध्ये खाडी. नकाशावर पाहणाऱ्याला ही जागा हेवा वाटावी अशीच होती.

जमीन घ्यायची होती १८९४च्या भूसंपादन कायद्याने. खासगी कंपनीच्या प्रकल्पासाठी ‘सार्वजनिक प्रयोजन’ असं म्हणत सरकार नोटिसा काढणार आणि शेतकऱ्याची संमती विचारली जाणार नाही, अशी ही पद्धत. गावोगावी नोटिसा पोहोचल्या आणि पेणच्या लोकांनी पहिल्यांदा शेजारच्या उरणकडे पाहिलं. तिथे त्यांचे सोयरे होते, लेकी दिल्या होत्या. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली. मोबदल्याच्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासई-दास्तान फाटा परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या संघर्षामुळेच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना मिळाली. जमीन देऊन काय हाती येतं, किती वर्षांनी येतं आणि त्यासाठी किती रक्त सांडावं लागतं, हे पेणकरांना पुस्तकातून वाचायची गरज नव्हती.

म्हणून इथला विरोध सुरुवातीपासून मोबदला वाढवण्यासाठी नव्हता, जमीनच द्यायची नाही असा होता. शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील, सर्वहारा जनआंदोलनाच्या उल्का महाजन, सुरेखा दळवी, वैशाली पाटील अशा कार्यकर्त्यांनी गावोगावी सभा घेतल्या. मोर्चे निघाले, मोजणीला आलेल्या अधिकाऱ्यांना अडवलं गेलं, हजारोंनी लेखी हरकती दाखल झाल्या. या आंदोलनात बायका पुढे होत्या. त्याचं कारण साधं आहे. पैसा आला तर तो पुरुषाच्या खात्यात येतो, पण भात, वालाच्या शेंगा, खाडीतले निवटे, चिवणी आणि शेततळ्यातला जिताडा यांवर जे घर चालतं ते बाईच्या हाताने. तिला विस्थापनाचा हिशोब सर्वांत आधी कळला.

आंदोलनाला सगळ्यांत भक्कम आधार मिळाला तो एका धरणाचा. पेण तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण बांधलं गेलं. सिंचन हा त्याचा जाहीर हेतू. खाडीकाठच्या शेताला उन्हाळ्यात गोडं पाणी मिळालं असतं तर भातानंतर दुसरं पीक घेता आलं असतं आणि मातीतलं मीठही खाली दबलं असतं. पण कालव्यांची कामं रखडली आणि धरणाचं पाणी नळातून नवी मुंबईकडे वळलं. आता शेतकऱ्यांनी विचारलं, की ज्या जमिनीसाठी सरकारने सार्वजनिक पैशातून धरण बांधलं, ती सिंचनाखालची जमीन ओसाड ठरवून कंपनीला कशी देता? पेणमधली २२ गावं हेटवण्याच्या लाभक्षेत्रात होती. या प्रश्नाला सरकारकडे नीट उत्तर नव्हतं.

बाहेरचं वातावरणही बदलत होतं. १४ मार्च २००७ला पश्चिम बंगालमधल्या नंदीग्रामात पोलिसांच्या गोळीबारात १४ जण मारले गेले. त्यानंतर केंद्राने विशेष आर्थिक क्षेत्राला ५,००० हेक्टरची मर्यादा घातली. वर्षअखेरीस गोवा सरकारने लोकांच्या दबावाखाली आपल्याकडची अशी क्षेत्रं गुंडाळण्याची घोषणा केली. महाराष्ट्रात विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते. एकीकडे प्रकल्प, दुसरीकडे पेटलेला जिल्हा, अशा पेचातून सरकारने असा मार्ग काढला जो देशात त्यापूर्वी कुणी वापरला नव्हता. लाभक्षेत्रातल्या २२ गावांच्या खातेदारांचं मतच घ्यायचं ठरलं.

२१ सप्टेंबर २००८. रविवार. अनंत चतुर्दशीला बरोबर आठवडा झालेला, म्हणजे कारखान्यांतलं वर्षभराचं ओझं उतरलेलं. शेतात भात पोटरीला आलेलं. जिल्हा प्रशासनाने गावोगावी मतदानाची व्यवस्था केली, जिल्हाधिकारी होते निपुण विनायक. ज्याचं नाव सातबाऱ्यावर तो मतदार. प्रश्न एकच: प्रकल्पासाठी जमीन द्यायला तयार आहात की नाही? निवडणुकीत पक्ष असतो, उमेदवार असतो, आश्वासनं असतात. इथे यांपैकी काहीच नव्हतं. मुंबईत नोकरी करणारे खातेदार सकाळच्या एसटीने, रेल्वेने गावी उतरले. हजारो खातेदारांनी मत दिलं आणि त्यातला प्रचंड बहुमताचा कौल नकाराचा होता.

या मतदानात माझ्या मते खरं मोल आकड्याचं नाही. भूसंपादनाच्या कायद्याला शंभराहून अधिक वर्षं झाली होती आणि त्या काळात सरकारने शेतकऱ्याला ‘किती हवे?’ एवढंच विचारलं होतं. ‘देणार का?’ हा प्रश्न अधिकृतपणे, मतपत्रिकेवर, पहिल्यांदा विचारला गेला तो पेणच्या खाडीकाठी. सरकारने या कौलाला कायद्याचं बळ द्यायचं टाळलं, अहवाल मंत्रालयात गेला आणि तिथेच राहिला. पण नकार एकदा मोजला गेल्यावर पोलीस बंदोबस्तात जमीन घेणं कुठल्याही सरकारला जड गेलं असतं. त्यातच मतदानाच्या सहाच दिवस आधी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली होती आणि जगभर मंदी पसरू लागली होती. मोठ्या प्रकल्पांचा उत्साह ओसरला. भूसंपादन कायद्यानुसार अंतिम अधिसूचनेनंतर दोन वर्षांत निवाडा जाहीर झाला नाही तर सगळी प्रक्रिया रद्द होते. ती मुदत २००९च्या जूनमध्ये संपली आणि संपादन आपोआप बारगळलं. प्रकल्प फक्त मंदीने पाडला असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. शेतकऱ्यांनी तीन वर्षं मोजणी रोखून धरली नसती तर मंदी येईपर्यंत निवाडे कधीच झाले असते आणि जमीन कुंपणात गेली असती. देशात इतरत्र अशी कुंपणं घातलेली आणि नंतर पडून राहिलेली हजारो एकर जमीन आहे.

२०१३मध्ये संसदेने १८९४चा कायदा मोडीत काढून नवा भूसंपादन कायदा केला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो अमलात आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती हवी, अशी अट त्यात आली. सिंगूर, नंदीग्राम आणि भूसंपादनाविरुद्धच्या अशा अनेक लढ्यांमधून ती अट आली. त्यांत पेणचा वाटा रक्ताचा नाही, मतपत्रिकेचा आहे, आणि म्हणूनच कदाचित तो कमी आठवला जातो.

जमीन राहिली, पण जमिनीचे जुने प्रश्नही राहिले. हेटवण्याचं पाणी बहुतेक शेतांपर्यंत आलं नाही. बांध फुटत राहिले. नकार देताना शेतकऱ्यांनी जे मागितलं होतं, पाणी आणि बंदिस्ती, ते त्यांना जमीन वाचवल्यावरही मिळालं नाही, ही गोष्ट मला त्या विजयाइतकीच महत्त्वाची वाटते. तरुण पोरं शेताकडून कारखान्यांकडे अधिकाधिक वळली आणि जोहे-हमरापूरचा मूर्तीव्यवसाय फुगत गेला. तोही निर्धास्त राहिला नाही. मे २०२०मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती काटेकोर पाळायला सांगितल्यावर या गावांमध्ये खळबळ उडाली, कारण बँकांची कर्जं काढून माल भरलेला होता. जून २०२५मध्ये न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला वाट मोकळी केली, मात्र नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनावर निर्बंध कायम ठेवले. पाण्याचं प्रदूषण खरं आहे आणि कारागिराचं पोटही खरं आहे. शाडूकडे वळायचं तर वाळवायला जास्त दिवस, जास्त जागा आणि जास्त भांडवल लागतं, हे धोरण आखणाऱ्यांनी आधीच मोजायला हवं होतं.

आणि जागेचा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. १२ जानेवारी २०२४ला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला, ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. या दोन्हींच्या आधारावर उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांमध्ये कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर, लोकांच्या बोलण्यातली ‘तिसरी मुंबई’, उभारण्याची जबाबदारी राज्याने मार्च २०२४मध्ये एमएमआरडीएकडे दिली. त्याविरुद्ध हरकती दाखल झाल्या, गावबैठका सुरू झाल्या. या वेळी प्रकल्प एका कंपनीचा नाही, नियोजन प्राधिकरणाचा आहे, आणि भूखंडात भागीदारीची भाषा आहे. गावातल्या तरुणांची मतंही २००८सारखी एकमुखी नाहीत. शेती तोट्यात गेलेल्या घराला विकसित भूखंड खुणावतो, आणि त्या घराला नावं ठेवण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही. पण जी पद्धत महाराष्ट्र सरकारनेच २००८मध्ये घालून दिली, खातेदाराला समोर बसवून ‘देणार का?’ असं विचारण्याची, ती १२४ गावांसाठी का वापरली जाऊ नये? हेटवण्याचं पाणी कुणाचं आणि खाडीचा बांध पुढे कोण सांभाळणार, हेही त्याच मतदानाआधी लेखी सांगितलं गेलं पाहिजे.